फाईल होतीच

11 मे 1999, मंगळवार. आयर्लंडचे पंतप्रधान बर्टी आहर्न यांनी त्या दिवशी शासनाच्या आणि देशाच्या वतीने जाहीर माफी मागितली. अनाथाश्रमांत, सुधारगृहांत आणि 'औद्योगिक शाळा' या गोंडस नावाने चालणाऱ्या कोंडवाड्यांत ज्यांचं बालपण मारहाणीत, उपासमारीत आणि लैंगिक अत्याचारांत गेलं, त्यांचे हाल सरकारला दिसले नाहीत, सरकार त्यांच्या मदतीला धावलं नाही, याबद्दलची ती माफी होती. सोबत चौकशी आयोगाची घोषणाही झाली. त्याच रात्री आरटीई या सार्वजनिक वाहिनीवर 'स्टेट्स ऑफ फिअर' या माहितीपटाचा तिसरा आणि शेवटचा भाग लागायचा होता. पहिले दोन भाग आधीच्या दोन मंगळवारी दाखवून झाले होते आणि देशात बोलायला दुसरा विषय उरला नव्हता. तिसरा भाग लागायच्या आत माफी मागून मोकळं व्हावं असं सरकारला वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

हा माहितीपट मेरी राफ्टरी या पत्रकार बाईंनी केला. संस्थांमधल्या बाल अत्याचारांच्या ज्या मोठ्या चौकश्या गेल्या तीसेक वर्षांत झाल्या, आयर्लंडमध्ये, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी एखादा पत्रकार सापडतोच. म्हणून 'माध्यमांनी वाचा फोडली' हे वाक्य आपण सवयीने लिहून टाकतो. आयर्लंडचं प्रकरण तारीखवार लावून पाहिलं तर मात्र वेगळंच दिसतं. वाचा आधीच फुटली होती आणि तीही अनेकदा. ऐकणाऱ्यांनी दर वेळी कानावर हात ठेवले.

1946 चं उदाहरण घ्या. फादर एडवर्ड फ्लॅनगन हे मूळचे आयरिश. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात त्यांनी मुलांसाठी 'बॉइज टाऊन' वसवलं होतं. त्यावर हॉलिवूडने 1938 मध्ये चित्रपट काढला आणि फ्लॅनगनची भूमिका करणाऱ्या स्पेन्सर ट्रेसीला ऑस्कर मिळालं. असा जगप्रसिद्ध माणूस मायदेशी आला, हारतुरे स्वीकारले, संस्था पाहिल्या आणि या शाळा म्हणजे देशाला लाज आणणारा प्रकार आहे असं जाहीर बोलला. चर्चचाच माणूस चर्चने चालवलेल्या संस्थांबद्दल बोलत होता. न्यायमंत्री जेराल्ड बोलंड यांनी संसदेत त्यांचं म्हणणं उडवून लावलं आणि विषय तिथेच मिटला. फ्लॅनगन पुन्हा येणार होते, पण 1948 मध्ये बर्लिनला त्यांचं निधन झालं.

पीटर टायरेलची कथा याहून जिव्हारी लागते. पश्चिम किनाऱ्याजवळच्या लेटरफ्रॅक इथल्या औद्योगिक शाळेत त्याने लहानपणची आठ वर्षं काढली. मोठा होऊन तो ब्रिटिश सैन्यात गेला. महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडून युद्धकैदी झाला. त्या छावणीपेक्षा लेटरफ्रॅक वाईट होतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. नंतर इंग्लंडमध्ये राहून तो पत्रं लिहीत सुटला. शेवटी ओवेन शीही-स्केफिंग्टन नावाच्या एका आयरिश सिनेटरने त्याला उत्तर दिलं आणि 'सगळं लिहून काढ' म्हणून सांगितलं. टायरेलने लिहिलं. छापणारा कुणी भेटला नाही. 1967 मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर त्याने स्वतःला पेटवून घेतलं. देहाची ओळख पटायला जवळजवळ वर्ष गेलं. ती पटली एका फाटक्या पोस्टकार्डामुळे, ज्यावर 'स्केफिंग्टन' आणि 'डब्लिन' एवढेच शब्द वाचता येत होते. त्याचं हस्तलिखित स्केफिंग्टन यांच्या कागदपत्रांत पडून राहिलं. एका इतिहासकाराने ते शोधून काढलं आणि ते पुस्तकरूपाने आलं 2006 मध्ये.

वर्तमानपत्रं अगदीच गप्प होती असंही नाही. 1966 मध्ये 'आयरिश टाइम्स'मध्ये मायकेल व्हायनी यांनी बालगुन्हेगारांवर लेखमाला लिहिली आणि तीत डँगनच्या सुधारगृहाचं उदासवाणं चित्र आलं होतं. 1988 मध्ये पॅडी डॉइल यांचं 'द गॉड स्क्वॉड' हे आत्मकथन आलं आणि खपलंही. म्हणजे ज्याला कळून घ्यायचं होतं त्याला कळलेलं होतं.

मग 1999 मध्येच असं काय झालं?

त्याचं उत्तर तीन वर्षं आधीच्या एका माहितीपटात आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये आरटीईनेच लुई लेंटिन यांचा 'डिअर डॉटर' दाखवला. डब्लिनमध्ये जोगिणींनी चालवलेल्या गोल्डनब्रिज अनाथाश्रमात वाढलेल्या क्रिस्टीन बकली यांची ती कहाणी. तिथल्या मुली शाळा सुटल्यावर जपमाळा ओवायच्या. दहा मण्यांची एक ओळ, अशा 60 ओळी रोज पुऱ्या करायच्या. तार वळवून, पकडीने तोडून, मणी अडकवून. ओळी कमी भरल्या की मार. देवाचं नाव घेण्यासाठी देशभरातल्या भाविकांच्या हातात जाणाऱ्या माळा या पोरींच्या सोललेल्या बोटांतून तयार होत होत्या. माहितीपटाने खळबळ उडवली. जोगिणींच्या संघटनेने माफी मागितली. आणि मग वाद सुरू झाला तो एका विशिष्ट जोगिणीवर. ती खरंच इतकी क्रूर होती का? बकलीबाईंना चाळीस वर्षांपूर्वीचं नीट आठवतं का? अमुक जखम खरी की खोटी? बाजू घेणारे लेख आले, उलट बाजूने मुलाखती झाल्या. एका बाईचा शब्द आणि दुसऱ्या बाईचा शब्द एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं, आणि असा सामना लागला की संस्था आणि सरकार दोघेही आरामात प्रेक्षकांत जाऊन बसतात.

राफ्टरी यांनी हा धडा घेतला. वाचलेल्या माणसांच्या मुलाखती त्यांनीही घेतल्या, आणि त्या इतक्या साध्या, संथ आवाजातल्या आहेत की ऐकवत नाहीत. पण प्रत्येक आठवणीच्या शेजारी त्यांनी सरकारचा कागद आणून ठेवला. शिक्षण खात्याच्या जुन्या नस्त्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपसल्या. त्यांतून बाहेर आलं ते पैशाचं गणित. या संस्थांना दर मुलामागे दर आठवड्याला सरकारी पैसे मिळत. आपल्याकडे बालगृहांना परिपोषण अनुदान मिळतं, त्याच जातीची ही पद्धत, आणि तिची खोट काय हे ज्याने एखाद्या संस्थेचा पट पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. मूल आलं की पैसे येतात आणि सुटलं की थांबतात. म्हणून मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत सोडायचं नाही, उलट आणखी मुलं पाठवा म्हणून मागे लागायचं. घरची गरिबी हा जणू मुलाचाच गुन्हा, आणि न्यायाधीशापुढे उभं करून त्याला 'पाठवलं' जायचं. तेच पैसे आईच्या हातात दिले असते तर मूल घरी राहिलं असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं आणि बाजूला सारलं गेलं.

डँगनचीच गोष्ट पाहा. 1968 मध्ये न्यायाधीश आयलीन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालची सरकारी समिती तिथे भेटीला गेली. मुलांना मारताना कपडे का उतरवता, असं कुणीतरी विचारलं. प्रमुख धर्मगुरूंनी शांतपणे उत्तर दिलं की त्यामुळे शिक्षा अधिक मानहानीकारक होते. समितीच्या सदस्यांना धक्का बसला, पत्रव्यवहार झाला, खात्यात टिपणं फिरली. 1970 मध्ये समितीचा अहवाल छापून आला, त्यात अशा संस्था बंद कराव्यात अशी चांगली शिफारसही होती. हा संवाद मात्र अहवालात नव्हता. तो फाईलमध्ये होता. तिथून तो तीस वर्षांनी टीव्हीवर आला, तेव्हा 'आम्हाला ठाऊक नव्हतं' हे वाक्य सरकारला उच्चारता येईना.

माझ्या मते पत्रकारितेने इथे केलेलं खरं काम हे आहे. कुणीतरी मोठ्याने रडणं आणि कुणीतरी कागद दाखवणं या दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर, एकाच वेळी, सलग तीन आठवडे घडल्या. नुसतं रडणं 1996 मध्ये झालं होतं. नुसता कागद 1970 मध्ये झाला होता.

*

आयोग नेमला की बातमीदार दुसऱ्या बातमीकडे वळतो. ते स्वाभाविक आहे, आणि सरकारं बहुधा त्याच आशेवर आयोग नेमतात. आयरिश आयोगाचे दहा वर्षांत किती वांधे झाले ते पाहा. पहिल्या अध्यक्ष न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांनी सप्टेंबर 2003 मध्ये राजीनामा जाहीर केला. सरकार सहकार्य करत नाही, कागद वेळेवर मिळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. आणि कागद दाबून बसलेलं खातं कोणतं, तर ज्याची चौकशी चालू होती तेच शिक्षण खातं. त्यांच्या जागी शॉन रायन आले. या शाळा चालवणाऱ्यांपैकी ख्रिश्चन ब्रदर्स या पंथाने न्यायालयात धाव घेतली होती. अखेर अत्याचार करणाऱ्यांची नावं अहवालात द्यायची नाहीत असं ठरलं. ज्यांना न्यायालयाने आधीच शिक्षा दिली होती, त्यांनाही अहवालात टोपणनावंच मिळाली.

त्यातच 2002 मध्ये सरकारने धार्मिक संघटनांशी एक करार करून टाकला. संघटनांनी 12 कोटी 80 लाख युरो रोख आणि मालमत्तेच्या रूपात द्यायचे, आणि पुढच्या सगळ्या दाव्यांची जबाबदारी सरकारने घ्यायची. एकूण खर्च पुढे दीड अब्ज युरोच्या घरात गेला. भरपाई मंडळाकडून पैसे घेणाऱ्याने ती रक्कम आणि तिथे झालेलं बोलणं जाहीर करायचं नाही, केलं तर दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद कायद्यात होती. म्हणजे ज्यांना लहानपणी 'बाहेर बोललास तर बघ' म्हणून धमकावलं गेलं, त्यांना म्हातारपणी तेच ऐकावं लागलं, या वेळी राजपत्रातून.

20 मे 2009 रोजी रायन अहवाल आला. पाच खंड, सुमारे 2,600 पानं. आयोगाच्या गोपनीय समितीपुढे 1,090 स्त्रीपुरुषांनी आपली कहाणी सांगितली होती आणि त्यांत 216 संस्थांची नावं आली होती. मुलग्यांच्या संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार 'सर्रास' होते, असा आयोगाचा निष्कर्ष. डब्लिनच्या कॉनरॅड हॉटेलात अहवालाची पत्रकार परिषद झाली. पत्रकारांना आत प्रवेश होता. ज्यांच्यावर हे सगळं गुदरलं त्यांतल्या काहींना दारातच अडवलं.

पाच दिवसांनी जे घडलं ते आजही इंटरनेटवर पाहता येतं. आरटीईच्या 'क्वेश्चन्स अँड आन्सर्स' या चर्चेच्या कार्यक्रमात मंत्री नोएल डेम्प्सी व्यासपीठावर होते. प्रेक्षकांतून मायकेल ओब्रायन उभे राहिले. क्लॉनमेल शहराचे माजी महापौर, मंत्र्यांच्याच फियाना फॉल पक्षाचे जुने कार्यकर्ते, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. लहानपणी फेरीहाऊसच्या शाळेत आपल्यावर बलात्कार झाला हे त्यांनी सांगितलं, आणि मग आयोगाचं सांगितलं. पाच दिवस मला तिथे उभं केलं, सात वकील होते, प्रत्येक जण मी खोटं बोलतो असं म्हणत होता. त्यांचा आवाज चढत गेला. अजूनही रात्री दचकून उठतो, बायको विचारते काय झालं. सूत्रसंचालक जॉन बोमन मध्ये पडले नाहीत, हे मला त्या प्रसंगातलं मोठं शहाणपण वाटतं. आपल्याकडचा कुणी 'वेळेअभावी थांबावं लागेल' म्हणाला असता. आयोगाच्या पाच खंडांत जे मावलं नव्हतं, ते म्हणजे खुद्द आयोगाने माणसांना कसं वागवलं. ते काही मिनिटांत देशाने पाहिलं.

राफ्टरी 2012 च्या जानेवारीत कर्करोगाने गेल्या. तेव्हा त्या 54 वर्षांच्या होत्या. शेवटपर्यंत त्यांचा रोख एकाच गोष्टीवर होता: नोंदी. तो किती बरोबर होता हे 2019 मध्ये कळलं. आयोगाच्या आणि भरपाई मंडळाच्या सगळ्या नोंदी 75 वर्षं सीलबंद ठेवण्याचं विधेयक तेव्हा सरकारने आणलं. विरोध झाला, संसद विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं.

*

इतकं सगळं माध्यमांच्या पदरात टाकल्यावर उरलेली बाजूही सांगायला हवी, आणि ती छोटी नाही.

बीबीसीचं उदाहरण सगळ्यांच्या ओठांवर असतं. जिमी सॅव्हिल हा बीबीसीचा लाडका कलाकार ऑक्टोबर 2011 मध्ये वारला. 'न्यूजनाइट'च्या पत्रकारांनी त्याने केलेल्या अत्याचारांची माहिती जमवली होती, पण डिसेंबरमध्ये ती बातमी बासनात गेली आणि नाताळात त्याच बीबीसीने त्याला आदरांजली वाहणारे कार्यक्रम दाखवले. वर्षभराने, ऑक्टोबर 2012 मध्ये, आयटीव्हीने ते प्रकरण बाहेर काढलं. नाचक्की झालेल्या 'न्यूजनाइट'ने मग घाईघाईने वेल्समधल्या बालगृहांवर कार्यक्रम केला. एका ज्येष्ठ हुजूर नेत्याकडे बोट दाखवलं, नाव घेतलं नाही. इंटरनेटवर लोकांनी नाव लावलं लॉर्ड मॅकअल्पाइन यांचं. तक्रारदाराने नंतर फोटो पाहिला आणि म्हणाला, हा तो माणूस नव्हेच. कार्यक्रमाआधी तो फोटो त्याच्यापुढे धरण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. बीबीसीचे महासंचालक जॉर्ज एंटविसल 54 दिवसांत पायउतार झाले. आधी दाबलं म्हणून नंतर उतावीळपणा करायचा, ही चूक आपल्या ओळखीच्या कुठल्याही वृत्तकक्षात होऊ शकते. तिची किंमत पुढच्या खऱ्या तक्रारदाराने चुकवायची असते, कारण 'मागे असंच एक खोटं निघालं होतं' हे वाक्य बचावाच्या वकिलाला कायमचं मिळतं.

ट्यूमचंही तेच. कॅथरीन कॉरलेस या स्थानिक इतिहासाच्या हौशी अभ्यासक. आयर्लंडच्या ट्यूम गावात जोगिणींनी चालवलेल्या अविवाहित मातांच्या आश्रमात 1925 ते 1961 या काळात दगावलेल्या 796 मुलांचे दाखले त्यांनी पदरचे पैसे मोडून मिळवले. मृत्यूची नोंद होती, दफनाची नव्हती. 2012 मध्ये गावच्या इतिहास मंडळाच्या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला. पान हललं नाही. 2014 मध्ये बातमी जगभर गेली, ती 'टाकीत फेकलेले 800 सांगाडे' अशा मथळ्यांनी. कॉरलेसबाई असं म्हणाल्याच नव्हत्या. काही बातम्यांतल्या चुका असोसिएटेड प्रेसला मान्य कराव्या लागल्या आणि संशय घेणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं. तरीही त्याच गदारोळामुळे आयोग नेमला गेला. मार्च 2017 मध्ये आयोगाने तिथे मोठ्या प्रमाणावर मानवी अवशेष असल्याचं सांगितलं आणि 2025 मध्ये पद्धतशीर उत्खनन सुरू झालं. भडक मथळ्याशिवाय हे झालं असतं का? बहुधा नाही. म्हणून भडक मथळा क्षम्य ठरतो का? मला तसं वाटत नाही, पण हे उत्तर मी सहज देऊ शकतो, कारण त्या 796 मध्ये माझं कुणी नाही.

ऑस्ट्रेलियात गाडं बरंच सरळ चाललं. 'न्यूकॅसल हेरल्ड' या प्रादेशिक वर्तमानपत्रात जोआन मॅकार्थी यांनी वर्षानुवर्षं चर्चमधल्या अत्याचारांच्या बातम्या दिल्या, आणि नोव्हेंबर 2012 मध्ये पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी शाही आयोग जाहीर केला. आयोगाने आठ हजारांवर लोकांना बंद खोलीत, वकिलांविना ऐकलं. डिसेंबर 2017 मध्ये 17 खंडांचा अहवाल दिला. सार्वजनिक सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण झालं आणि मोठमोठे बिशप घाम पुसताना लोकांनी पाहिले. ओब्रायन यांना जे भोगावं लागलं ते इथे बरंच टळलं.

*

आता देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे येऊ. 2017-18 मध्ये तिच्या 'कोशिश' या गटाने बिहार सरकारच्या सांगण्यावरून तिथल्या 110 निवासी संस्थांची पाहणी केली. एप्रिल 2018 मध्ये अहवाल समाजकल्याण खात्याला दिला. 17 संस्थांबद्दल त्यात गंभीर आक्षेप होते. मुजफ्फरपूरचं बालिका गृह त्यांतलं एक. गुन्हा नोंदवला गेला 31 मे रोजी. मधले दिवस फाईल कुठे होती हे कुणीही ओळखेल.

बालिका गृहाचा सूत्रधार ब्रजेश ठाकूर हा स्वतः वर्तमानपत्राचा मालक होता. 'प्रातःकमल' हे हिंदी दैनिक त्याचं. शिवाय इंग्रजी आणि उर्दू पत्रंही त्याच्या कुटुंबाच्या हाती. सरकारी जाहिराती मिळत, पत्रकार म्हणून अधिस्वीकृती होती, आणि छापखाना व मुलींचं निवासस्थान एकाच आवारात. आयर्लंडमध्ये माध्यमं चर्चला भ्यायली असं म्हणतात. इथे भ्यायचीसुद्धा गरज नव्हती. ज्या इमारतीतून बातमी बाहेर पडायची तिच्या शेजारच्याच खोल्यांत मुली होत्या. प्रकरण लावून धरलं ते तिथल्या स्थानिक पत्रकारांनीच, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली तीही निवेदिता झा ही पत्रकारच. पाटणा उच्च न्यायालयाने 23 ऑगस्ट 2018 ला तपासाच्या बातम्यांवर सरसकट बंदी घातली होती. ती महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने उठवली. मुलींचे चेहरे धूसर करूनही दाखवायचे नाहीत, हे त्याच न्यायालयाने आधी बजावलं होतं. दोन्ही आदेश मला योग्य वाटतात. तपास लोकांसमोर असावा, मूल लोकांसमोर नसावं. वृत्तवाहिन्यांनी बरोबर उलटं केलं होतं: मुली कॅमेऱ्यासमोर आणि अहवाल कुणी वाचलेला नाही.

जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ठाकूरला आणि आणखी 18 जणांना दोषी ठरवलं. त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. उरलेल्या 16 संस्थांचं काय? बिहार पोलिसांनी त्यांच्या फिर्यादी इतक्या बोथट लिहिल्या होत्या की सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारला झापून सगळीच्या सगळी प्रकरणं सीबीआयकडे दिली. जानेवारी 2020 मध्ये सीबीआयने न्यायालयाला सांगितलं की तपास पूर्ण झाला आहे आणि 71 अधिकाऱ्यांवर कारवाईची शिफारस केली आहे. त्यांत 25 जिल्हाधिकारी होते. त्यांना कुणी कोंडलं नव्हतं, मारलं नव्हतं. देखरेख ही त्यांची नेमून दिलेली जबाबदारी होती, एवढंच. आयर्लंडमध्ये राफ्टरी यांनी ज्या खुर्च्यांपर्यंत कॅमेरा नेला, त्या याच. मुजफ्फरपूरच्या बातमीत ठाकूरचा चेहरा महिनोन्महिने होता. त्या 71 जणांसाठी पाटण्याच्या सचिवालयात दर महिन्याला जाऊन 'त्या शिफारशीचं काय झालं' असं विचारणारा एक चिकट बातमीदार लागतो, आणि त्याला तेवढा पगार आणि तेवढी वर्षं देणारा मालक.